तपासनीसांचा वेगळा ग्लास

त्याचं खरं नाव हॉटेलात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला थेंब्या म्हणत. कडू अर्काच्या बाटलीतून थेंब टाकताना तो श्वास रोखून धरायचा. एक थेंब जास्त पडला की अख्खं कॉकटेल बेसिनमध्ये ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर वेटर रिकामा ट्रे घेऊन समोर ताटकळत. "अरे, गिऱ्हाईक म्हातारं होईल तिकडे," असं वेटर म्हणायचे आणि थेंब्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. नवा मॅनेजर आला तेव्हा त्याला हे आडनावच वाटलं आणि ड्यूटीच्या तक्त्यावर त्यानं 'श्री. थेंबे' असं लिहून टाकलं. ते कोणी बदललं नाही. घरी बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी आता सौ. थेंबे का?" आणि बराच वेळ हसत राहिली.

तो स्वतः पीत नसे. उगाच कोणी त्याला साधुसंत समजायला नको, म्हणून सांगतो, की त्यामागे व्रत नव्हतं आणि घरातली एखादी रडकथाही नव्हती. त्याला डोकं सैल झालेलं आवडायचं नाही, इतकंच. चाखायचा मात्र रोज. स्ट्रॉ ग्लासात बुडवायची, वरचं टोक बोटानं दाबून आतला घोटभर उचलायचा, जिभेवर सोडायचा, डोळे मिटून क्षणभर ठेवायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्याची जीभ अशी तयार झाली होती, की बायकोनं सकाळच्या चहाची पावडर बदलली तरी तो दारातूनच विचारायचा.

बार हॉटेलच्या तळमजल्यावर होता. खिडक्यांना तपकिरी काचा, बाहेर गाड्या लावायची जागा, आत जाड गालिच्याचा कोंदट वास. भर दुपारी आत शिरलं तरी संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. रविवारी दुपारी तर तिथे चिटपाखरूही फिरकत नसे, आणि त्यामुळेच मॅनेजरच्या डोक्यात ती कल्पना आली. महिन्यातल्या एका रविवारी वाचन मंडळ बोलवायचं, एखादी गाजलेली जुनी कादंबरी ठरवायची, सगळ्यांनी ती घरून वाचून यायची आणि इथे तिच्यावर गप्पा मारताना तिला साजेसं एक कॉकटेल प्यायचं. कॉकटेल शोधायचं थेंब्यानं.

"कादंबरी आणि पेय यांची जोडी जमली पाहिजे," मॅनेजर म्हणाला.

"लग्नं जुळवायचं काम मी कधी केलं नाही, साहेब," थेंब्या म्हणाला. पण त्याचं ऐकतो कोण.

पहिल्याच खेपेला त्याची चांगली फजिती झाली. कादंबरीच्या मुखपृष्ठावर लाल घोडागाडी होती. थेंब्यानं तेवढीच पाहिली आणि डाळिंबाच्या रसाचं गोडमिट्ट, लालभडक पेय करून वर एकेक चेरी ठेवली. कादंबरी निघाली प्लेगच्या साथीची, आणि ती गाडी होती प्रेतं नेणारी. मंडळातल्या लोकांनी चेरीकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. औषधांच्या दुकानाची मालकीण सरळ स्वभावाची बाई. तिनं विचारलं, "ही चेरी म्हणजे काखेतली गाठ समजायची का हो?" त्या दिवशी निम्मे ग्लास भरलेलेच परत आले.

तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. पण वाचनाचं आणि त्याचं वाकडं. दोन पानं झाली की डोळे मिटायचे. शेवटी बायकोला साकडं घातलं. ती शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर होती. संध्याकाळी यायची ती डोळे चोळतच, तरी जेवणं उरकली की पुस्तक घेऊन बसायची आणि मोठ्यानं वाचायची. थेंब्या समोर बसून दुसऱ्या दिवशीचं आलं सोलायचा. मधेच तो विचारायचा, "मग पुढे काय होतं तिचं?" बायको म्हणायची, "पुढे आलं सोला. घाई कसली?" हळूहळू त्याला गंमत कळायला लागली. कोळशाच्या खाणीतल्या कादंबरीला त्यानं जळक्या लाकडाचा धूर काचेखाली कोंडून दिला. एका कादंबरीतली बाई आयुष्यभर कोणासाठी तरी बंदरावर थांबते, तिच्यासाठी त्यानं असं पेय केलं, की पहिला घोट गोड आणि तळ कडूजहर. ते पिऊन मंडळातल्या एका गृहस्थांनी रिकामा ग्लास शेवटपर्यंत हातातून खाली ठेवला नाही. थेंब्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

तपासनीस या मंडळात पहिल्या दिवसापासून होते. नोकरीत असताना ते विमा कंपनीसाठी आगी तपासायचे. जळलेल्या दुकानात, गोदामात जायचं, राखेत हात घालायचा आणि आग लागली की लावली ते सांगायचं. निवृत्त होऊनही त्यांची ती सवय गेली नव्हती. उंच, हाडकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. कादंबरीकडेही ते दाव्यासारखंच बघायचे. "ही बाई पत्र जाळलं म्हणते," ते म्हणायचे, "पण त्या दिवशी घरात जाळ कुठे होता? मागच्या प्रकरणात सरपण संपलंय. खोटं बोलतेय ती." मंडळी हसायची, पण पानं उलटून बघितल्यावर तपासनीसांचंच खरं निघायचं. आपल्याला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. त्यात फुशारकी नसे. एखाद्यानं आपला रक्तगट सांगावा तसं सांगायचे.

बायको गेल्यापासून ते टेबलाशी न बसता काउंटरच्या कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसत. त्यामुळे त्यांची आणि थेंब्याची मैत्री झाली. मैत्री म्हणजे काय, ते बोलायचे आणि थेंब्या ग्लास पुसायचा.

"थेंब्या, या धंद्यात तुझ्याइतका सरळ माणूस मी बघितला नाही," ते एकदा म्हणाले.

"तुम्ही धंदा कुठे बघितलाय, साहेब? तुम्ही फक्त राख बघितलीय," थेंब्या म्हणाला, आणि तपासनीस हसून हसून खोकायला लागले.

मंडळ जमायला आठवडा असताना एक बाई बारमध्ये आली. चाळिशीची असेल. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती आणि कामावरून तशीच आलेली, अंगावर तो फिकट निळा कोट. ही तपासनीसांची मुलगी. वडिलांना न्यायला ती दर खेपेला यायची, पण दारातच उभी राहायची. आज सरळ काउंटरपाशी आली.

"दादा, एक विनंती होती. बाबांना दारू बंद केलीय डॉक्टरांनी. यकृत पार गेलंय. एक घोटही नको, असं तोंडावर सांगितलंय त्यांना."

"मग इथं येऊ देऊ नका, ताई."

"कसं अडवू? घरातल्या बाटल्या मी ओतून दिल्या. चार दिवस बोलले नाहीत, पण मानलं त्यांनी. हा एक रविवार मात्र सोडायला तयार नाहीत. म्हणतात, तोही गेला तर मग जगून करू काय." तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला आणि सोडला. "आई गेल्यापासून ते दुसरीकडे कुठे जात नाहीत हो. दाढीसुद्धा याच दिवशी नीट करतात."

थेंब्यानं हातातला ग्लास खाली ठेवला.

"त्यांच्या ग्लासात दारू घालू नका. बाकी सगळं घाला. त्यांना कळता कामा नये."

"त्यांना कळणार नाही होय? अहो, राखेवरून माणूस ओळखणारे ते."

"तुम्ही केलंत तर नाही कळणार," ती म्हणाली.

या वाक्यानं घात केला. थेंब्याला दया आली, हे खरंच. पण नुसत्या दयेपोटी तो तयार झाला असता असं मला वाटत नाही. ज्याला आजवर कोणी फसवलं नाही, त्याला आपण फसवू शकतो का, ही खाज त्याच्या मनात तिथल्या तिथे सुरू झाली. माणसाला आपल्या हातातल्या कसबाचा मोह दारूपेक्षा वाईट असतो, आणि तो सोडवायला कुठलाही डॉक्टर नसतो. "बघतो," असं तो म्हणाला. म्हणजे होच म्हणाला.

त्या महिन्याची कादंबरी मिठागरातल्या एका कुटुंबाची होती. सगळ्यांसाठी काळ्या रमचं पेय, ग्लासाच्या काठाला जाडं मीठ. थेंब्यानं तपासनीसांच्या ग्लासासाठी आठवडाभर डोकं खपवलं. कोरा चहा इतका उकळला की तोंड आवळून यावं. त्यात आल्याचा रस, कुटलेल्या मिऱ्यांचं पाणी, लवंग. दारूची घशातली जळजळ मिऱ्यांनी आणली. जिभेवरचा जडपणा करपवलेल्या साखरेच्या पाकानं आणला. व्हिनेगरचे काही थेंब, लाकडाचा थोडा धूर. एवढं करूनही वास येईना. मग त्याला सुचलं. ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर त्यानं रम शिंपडली. ग्लास उचलला की रमचा भपकारा नाकात, आणि घोटात रमचा मागमूस नाही. स्ट्रॉनं चाखून बघताना त्याला स्वतःलाच क्षणभर शंका आली.

तपासनीसांनी ग्लास नाकापाशी नेला. थांबले. घोट घेतला. थेंब्या कोरडा ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होता.

"थेंब्या," ते म्हणाले.

"साहेब?"

"आज जरा कडक केलीस रे. पण झकास."

दुसरा ग्लास संपेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते आणि गळ्याशी कायम लावलेलं ते बटण त्यांनी काढलं होतं. मंडळातले लोक मिठागरातल्या म्हातारीबद्दल बोलत होते. तपासनीस एकदम मधेच बोलायला लागले, आणि बोलले ते स्वतःच्या बायकोबद्दल. दोघांनाही एकच कादंबरी एकाच वेळी वाचायची असायची. मग ती पुस्तक मधून उसवायची. सुरुवातीचा भाग यांना, शेवटचा भाग तिला, कारण सुरुवात तिची नेहमीच आधी वाचून झालेली असायची. आयुष्यभरात तिनं एकदाही शेवट सांगितला नाही. "आजारी पडली तेव्हाही नाही सांगितला," तपासनीस म्हणाले. "डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं. मला तिनं कळू दिलं नाही." आणि ते सगळ्यांसमोर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, रडले. मुलगी दारात उभी होती. तिनं वडिलांना रडताना कधीच बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

पुढच्या महिन्यात आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बजावलं, "मागच्या वेळी ते मी नव्हतो. ती रम रडली." सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या. कादंबरी बदलली तरी पेय मात्र त्यांनी मिठागराचंच मागितलं. त्या दिवशीही दुसऱ्या ग्लासानंतर ते बायकोबद्दल बोलले, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. रविवार संपला की खापर रमच्या डोक्यावर फोडायचं, असं ठरूनच गेलं.

मुलगी खुशीत होती. बाबांचं जेवण वाढलंय, झोप लागते, चेहरा निवळलाय. एकदा तिनं थेंब्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती उभी राहिली. थेंब्या फुशारून गेला. इतके दिवस पोटात ठेवलेलं त्या दिवशी त्यानं बायकोला सांगितलं, रमच्या चकतीसकट, अगदी रंगवून. तिला कौतुक वाटेल अशी त्याची कल्पना. तिनं हातातलं पुस्तक मिटलं.

"त्या माणसाला सांगणार आहात ना कधीतरी?"

"सांगून काय करू? बरा होतोय तो."

"बरा होतोय म्हणूनच सांगा. कशानं बरा होतोय ते त्याला कळायला नको?"

"तुला त्यातलं कळत नाही," थेंब्या म्हणाला. त्या दिवशी वाचन झालं नाही. बायकोचं बोलणं त्याला झोंबलं होतं. खरं होतं म्हणून जास्तच.

मग तो रविवार आला. तपासनीस त्या दिवशी लवकरच येऊन बसले. मंडळातलं अजून कोणी नव्हतं, मुलगी त्यांना सोडून बाजारात गेली होती. त्यांचा चेहरा एखादं अवघड प्रकरण सुटल्यासारखा उजळला होता.

"थेंब्या, रक्ताचा रिपोर्ट आला. सुधारलाय. डॉक्टर स्वतः चकित झाला."

"वा, साहेब."

"आता हे बघ." ते पुढे झुकले. "डॉक्टर म्हणतो दारूनं यकृत गेलं. मी घरची बंद केली, पण इथली चालू ठेवली. एकदाही चुकवली नाही. तरी सुधारणा. म्हणजे दोष दारूचा नाही. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते आपोआप गेलं. पुरावा समोर आहे. डॉक्टर लोक सगळी आग एकाच ठिणगीवर ढकलतात."

थेंब्याच्या हातातला फडका थांबला.

"तू यात कोणती रम घालतोस रे?"

इथे त्याला बोलता आलं असतं. बार रिकामा होता. समोरचा माणूस सरळ प्रश्न विचारत होता, आणि त्याचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं. पण थेंब्याला आठवला तो मुलीनं धरलेला हात. आणि, हे लपवण्यात अर्थ नाही, त्याला आपलं इतक्या महिन्यांचं कसब उघडं पडलेलं बघवत नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारा सहज विचारतोय.

"काळी रम, साहेब," तो म्हणाला. आणि उत्तर अर्धवट वाटू नये म्हणून वर म्हणाला, "साधीच. कुठेही मिळते."

तपासनीसांनी मान डोलावली. पलीकडून मंडळी यायला लागली. निघताना मुलीला बाजूला घेऊन सांगावं, असं थेंब्यानं ठरवलं होतं. पण ती आली ती हसतच. "दादा, डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा." थेंब्यानं मान डोलावली. पुढच्या वेळी सांगू, असं त्यानं स्वतःला समजावलं.

पुढच्या वेळी कोपऱ्यातलं स्टूल रिकामं राहिलं. त्याच्यापुढे थेंब्यानं केलेला वेगळा ग्लास तसाच पडून होता, बर्फ वितळून त्याचा रंग फिका झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली, तो निळा कोट चुरगळलेला. बाबांना रक्ताची उलटी झाली होती. ते दवाखान्यात होते.

"पुस्तकांच्या कपाटात मागच्या रांगेत बाटल्या सापडल्या," ती म्हणाली. "काळी रम. शेजारी मिरी, लवंगा, सुकलेलं आलं. रोज पुस्तक घेऊन बसायचे आणि तुमच्यासारखं करून बघायचे. मला वाटायचं, चहा करतायत." तिनं त्याच्याकडे बघितलं. "त्यांना रमचं कोणी सांगितलं?"

"मी."

ती त्या उंच स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुम्हाला दारू देऊ नका म्हटलं होतं."

"ग्लासात नाही दिली, ताई," थेंब्या म्हणाला, आणि आपलंच बोलणं कानावर पडताच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यात भेटायची वेळ दुपारची होती. तपासनीसांचे डोळे पिवळेजर्द झाले होते आणि त्या काटकुळ्या माणसाचं पोट चादरीखाली फुगून वर आलं होतं. डॉक्टरांनी बाहेर मुलीला सांगितलं होतं, अजून सगळं संपलेलं नाही, यातून निघाले तर निघतील, पण यापुढे थेंबसुद्धा चालणार नाही. तपासनीसांनी थेंब्याला बघितलं आणि उठून बसायची धडपड केली.

"ये. तुझीच वाट बघत होतो. मी शोधून काढलं." आवाज खोल गेला होता, पण तजेला तोच. "भेसळ. दुकानातल्या रममध्ये भेसळ होती. तुझ्याकडची पीत होतो तोवर रिपोर्ट सुधारत होता. दुकानातली सुरू केली आणि हे झालं. बाटली एकाच नावाची, पण माल वेगळा. मी तक्रार करणार आहे. तुझी साक्ष लागेल."

"साहेब..."

"घाबरू नकोस. तुझ्यावर काही येत नाही. बरा झालो की घरची बंद. फक्त तुझ्या हातची घेईन. पुढची कादंबरी कुठली आहे?"

मुलगी खिडकीपाशी उभी होती. तिनं थेंब्याकडे बघून मान हलवली. नको. तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती, की थेंब्यानं दुसरीकडे बघितलं. या माणसाला खरं कळलं नाही तर तो बरा होऊन पुन्हा पिणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. बायकोनं तेच तर सांगितलं होतं.

"साहेब, तुमच्या ग्लासात दारू नव्हती," तो म्हणाला. "मिठागराच्या कादंबरीपासून. एकदाही नव्हती. आलं, मिरी आणि कोरा चहा. दारूचा वास यायचा तो खालच्या चकतीला."

तपासनीस उशीला टेकून बसले. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तीच जुनी सवय, एकामागून एक, न चिडता. धुराचं काय? रंग कसा आणलास? जडपणा? थेंब्या उत्तरं देत गेला.

"कोणी सांगितलं तुला?"

मुलीचा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर होता. ती कठडा घट्ट धरून उभी होती. म्हाताऱ्याला आता तिच्याशिवाय कोणी नव्हतं आणि तिला त्याच्याशिवाय.

"कोणी नाही," थेंब्या म्हणाला. "माझं मीच."

"का?"

"तुम्हाला फसवता येतं का, ते बघायचं होतं."

त्यातला हा एवढा भाग खरा होता, आणि म्हणूनच तो पटला. तपासनीसांनी डोळे मिटले. थेंब्याला वाटलं, आता शिव्या देतील.

"म्हणजे मी शुद्धीत होतो," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"सगळे रविवार. त्या सगळ्या लोकांपुढे. तिच्याबद्दल बोललो ते..."

"हो."

त्यांनी हात उचलून तोंडावर घेतला. त्याच्याआडून ते म्हणाले, "याला बाहेर काढ." मुलगी पुढे झाली आणि तिनं दार उघडून धरलं.

तपासनीस त्यातून उठले नाहीत. शेवटपर्यंत मुलीचा हात त्यांनी सोडला नाही, असं थेंब्याला मागाहून कोणीतरी सांगितलं. ते ऐकून त्याला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

पुढचा रविवार यायच्या आत त्याला वरच्या मजल्यावर मॅनेजरच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे तपासनीसांचे धाकटे भाऊ बसले होते, लालबुंद झालेले, आणि त्यांच्या शेजारी मुलगी. आजारी म्हाताऱ्याला कोणाला न विचारता भलतंसलतं पाजलं, त्याला खोट्या भरवशावर ठेवलं, वर रमचं नावही सांगितलं, असं सगळं भाऊ टेबलावर हात आपटून सांगत होते. 'कोणाला न विचारता' एवढं सोडलं तर शब्द न् शब्द खरा होता. मॅनेजर घाम पुसत होता.

"थेंबे, हे तुम्ही कबूल करता?"

"हो."

"आणि घरच्यांपैकी कोणी तुम्हाला तसं सांगितलं होतं?"

थेंब्या खिशातल्या बारच्या किल्ल्या चाचपत राहिला. मॅनेजरनं मुलीकडे वळून जरा मऊ आवाजात विचारलं, "ताई, तुम्हाला याची काही कल्पना होती?"

तिनं मान वर केली. पहिल्यांदा थेंब्याकडे बघितलं. ती आता खरं सांगणार असं त्याला वाटलं, आणि सांगू नये असंही वाटलं. काकांचा हात तिच्या खांद्यावर होता.

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच माहीत नव्हतं."

"त्यांना काही माहीत नव्हतं," थेंब्या म्हणाला.

मॅनेजरनं त्याला किल्ल्या ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवल्या. तो बाहेर आला तेव्हा काका आणि पुतणी लिफ्टची वाट बघत उभे होते. त्याला बघून काकांनी मुद्दाम आवाज चढवला. "असल्या माणसाला तुरुंगात घातलं पाहिजे. तुझ्या बाबांना मारलं यानं."

"हो, काका," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि आवाजात आता जराही अडखळ नव्हती.

लिफ्ट आली. ती दोघं आत गेली. दार मिटेपर्यंत थेंब्या भिंतीशी उभा राहिला आणि मग जिन्यानं खाली उतरला.